नारायणगावचे तमाशा फड आणि त्यांचा दौरा

ढोलकी-फडाचा तमाशा ही वर्षातले सात-आठ महिने वाटेवर राहणारी संस्था आहे. दसऱ्याला फड गाव सोडतो आणि वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या आसपास परततो. मधल्या काळात गाणारे, नाचणारे, वाजवणारे, तंबू ठोकणारे, स्वयंपाक करणारे आणि हिशेब लिहिणारे असे शंभरापर्यंत, मोठ्या फडात त्याहूनही जास्त लोक एका गावाहून दुसऱ्या गावाला जात असतात. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे या फिरत्या संस्थेचे घर. दौरे इथे ठरतात, सुपाऱ्या इथे घेतल्या जातात. म्हणूनच लोकांनी या गावाला 'तमाशा पंढरी' हे नाव दिले.

नारायणगाव मीना नदीच्या काठी, पुणे-नाशिक रस्त्यावर वसले आहे. कुकडी नदीवरचे येडगाव आणि तिथले धरण जवळच आहे. ओझरचे विघ्नहराचे देऊळ त्याच धरणाच्या फुगवट्यावर येते. उत्तरेला आळेफाट्यावर कल्याण-नगर रस्ता पुणे-नाशिक रस्त्याला छेदतो. त्यामुळे नारायणगावहून निघालेल्या फडाला पुणे, नाशिक, नगर आणि कल्याण या चारही दिशा मोकळ्या होत्या. बैलगाडीच्या काळात या गोष्टीला फार मोल होते. शिवाय जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके जत्रांचे. चैत्र-वैशाखात इथल्या गावोगावच्या ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात, मुंबईला पोटासाठी गेलेला माणूस यात्रेला हमखास गावी येतो, आणि तमाशाशिवाय यात्रा पुरी झाली असे कोणी मानत नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांचा कुकडी प्रकल्प उभा राहिला. येडगावच्या डाव्या कालव्याचे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जतपासून करमाळ्यापर्यंत गेले. हा सगळा टापू फडांच्या वहिवाटीचाच होता. पाणी पोहोचले तिथे बागायत आली, आणि यात्रेच्या वर्गणीलाही बळ आले.

नारायणगावच्या परंपरेतले सर्वांत ठळक नाव खुडे घराण्याचे. नारायण खुडे यांनी फड उभा केला. त्यांच्या पुढच्या पिढीतील भाऊ आणि बापू या भावांनी तो नावारूपाला आणला आणि तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या नावाने महाराष्ट्रभर ओळखला जाऊ लागला. या नावात जात उघड लिहिलेली आहे. तमाशाची कला मुख्यतः मांग, महार आणि कोल्हाटी समाजांनी जिवंत ठेवली. ज्या गावांत या कलावंतांना पाणवठ्यावर मज्जाव होता, त्याच गावांत रात्री त्यांच्यासमोर सारा गाव बसत असे. फलकावर जात आणि गाव दोन्ही ठळक लिहून हा फड गावोगाव फिरला. संस्थेच्या इतिहासात या गोष्टीची नोंद अभिमानाने व्हायला हवी.

हा फड घडला तेव्हा तमाशाचे रूप बऱ्यापैकी ठरून गेले होते. उमा-बाबाजी सावळजकर यांच्या मंडळींनी १८६५ मध्ये सादर केलेला 'मोहना-बटाव' हा पहिला वग, म्हणजे तमाशातले कथानाट्य, मानला जातो. पुढे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांच्या कवनांनी आणि पवळाबाईंच्या गाण्याने तमाशाला मुंबईच्या थिएटरांपर्यंत नेले. पवळाबाई संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसाच्या, म्हणजे नारायणगावहून त्याच नाशिक रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या टापूतल्या. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग हा खेळाचा क्रम नारायणगावच्या फडांनी त्या पिढीकडून घेतला आणि पुढे चालवला.

प्रेक्षकांच्या आठवणीत नर्तकी आणि सोंगाड्या राहतात. फडाचे गाणे मात्र सामूहिक असते आणि त्याचा कणा झीलकरी हा असतो. खेळाची सुरुवात हलगी आणि ढोलकीच्या सलामीने होते. मग सरदार, म्हणजे मुख्य शाहीर, गण म्हणू लागतो. त्याच्या मागे सुरत्ये, म्हणजेच झीलकरी, उभे असतात. एकाच्या हातात तुणतुणे, दुसऱ्याच्या हातात झांज. सरदाराने ओळ सोडली की हे तिचे शेवटचे शब्द उचलतात आणि वरच्या पट्टीत लांबवत नेतात. याला झील धरणे म्हणतात. त्यामुळे सरदाराला दम घ्यायला उसंत मिळते, ढोलकीवाल्याला तोडा वाजवायला जागा मिळते, आणि ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात गाण्याचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत. उघड्या माळावर हजारोंच्या जमावाला ऐकू जाईल असा आवाज रात्रभर टिकवायचा, आणि हे सलग सात-आठ महिने करायचे, हे काम सोपे नव्हते. झीलकऱ्याचा गळा घडायला काही हंगाम जावे लागत.

फडातली मुले इथूनच शिकत. त्यांना गाण्याची वेगळी शाळा नव्हती. गवळणीच्या भागात कृष्ण, पेंद्या आणि मावशी यांच्यासमोर मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींचा मेळा उभा राहतो. दहा-बारा वर्षांच्या मुली आधी त्या मेळ्यात शेवटच्या जागी उभ्या राहत, सर्वांबरोबर तोंड हलवत, मग गात. काही हंगामांनी त्यातली एखादी पुढे येऊन एकटीने ओळ घेई. मुलगे झांज घेऊन मागे उभे राहत, मग तुणतुण्यावर येत. ज्याचा हात चाले तो ढोलकीकडे वळे, ज्याची जीभ चाले तो बतावणीकडे. तरुण गायकांचा हा संच प्रवासातच तयार झाला आणि वर्षानुवर्षे प्रवासातच वाढला. त्याची किंमतही त्यांनी मोजली. सात-आठ महिने गावाबाहेर राहणाऱ्या मुलांना पाटी-पुस्तक फारसे मिळाले नाही. गाण्यातली शेकडो पदे मुखोद्गत असलेले कितीतरी कलावंत अक्षरओळखीपासून दूर राहिले.

दौऱ्याची तयारी पावसाळा उतरणीला लागला की सुरू होते. पोळा होऊन गेला की कलावंत फडावर जमू लागतात. त्याआधी मालकाने प्रत्येकाला उचल दिलेली असते. उचल म्हणजे येणाऱ्या हंगामाच्या पगारापोटी आगाऊ घेतलेली रक्कम. पावसाळ्यात काम नसते, घर तर चालवायचे असते, म्हणून कलावंत उचल घेतो आणि हंगामभर ती फेडतो. मालकही ही रक्कम बहुधा व्याजाने उभी करतो. म्हणजे फड गावातून बाहेर पडतो तेव्हा मालक आणि कलावंत दोघांच्याही डोक्यावर कर्ज असते, आणि दौरा चांगला झाला तरच ते उतरते. तमाशाच्या अर्थकारणातली ही सर्वांत अवघड गाठ आहे.

तालमीत नवा वग बसवला जातो, गवळणी आणि लावण्या नव्याने बांधल्या जातात, कपडे शिवून होतात. दसऱ्याला नारळ फुटतो आणि फड सीमोल्लंघन करतो. यापुढचा दौरा दोन भागांत पडतो. दसऱ्यापासून साधारण फाल्गुनापर्यंतचा भाग तंबूचा. या काळात फड स्वतःच्या जबाबदारीवर कनात लावून तिकिटावर खेळ करतो. वाट ठरते ती मोठ्या यात्रांवरून: नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, नंदुरबारमधील सारंगखेड्याची दत्तयात्रा, साताऱ्यातील पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा. यात्रांच्या मधले दिवस बाजाराच्या गावांत काढले जातात. खानदेश, मराठवाडा, नगर, सोलापूर, सांगली, सातारा असा फेरा घेत फड चैत्राच्या तोंडाला पुन्हा पुणे-नाशिक रस्त्याकडे वळतो.

तंबूच्या दौऱ्यातला एक दिवस असा जातो. आदल्या गावचा वग पहाटे संपतो. प्रेक्षक उठतात आणि तंबूवाले कामगार खुंट्या उपटायला लागतात. कनाती, खांब, दोर, रंगमंचाच्या फळ्या, पेट्या, जनरेटर हे सारे ट्रकांवर चढते. कलावंत दुसऱ्या गाडीत, बहुतेक झोपेतच, पुढच्या गावी पोहोचतात. तिथे आचाऱ्याची चूल सर्वांत आधी पेटते. मैदानात रंगमंच आणि त्याच्या मागे राहुट्या उभ्या राहतात. त्या राहुट्यांतच झोप, जेवण, रंगरंगोटी, लहान मुलांचे पाळणे. दुपारी फडाची जीप कर्ण्यावरून आसपासच्या वाड्या-वस्त्यांना खेळाची वर्दी देत फिरते. संध्याकाळी तिकीटखिडकी उघडते, रात्री सलामी होते, आणि मध्यरात्रीनंतर सुरू झालेला वग उजाडताना संपतो. पूर्वी हे सारे बैलगाड्यांवर आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात होत असे. वाहने बदलली, दिवे बदलले. दिवसाचा हा क्रम मात्र तसाच टिकला. अवकाळी पाऊस, गावातले दुःख, निवडणूक, परीक्षांचा काळ यांपैकी काहीही आडवे आले की खेळ बुडतो. तरी त्या दिवशीही शंभर माणसांना जेवू घालावेच लागते.

याच दौऱ्यावरच्या जगण्यातून विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर घडल्या. भाऊंच्या या मुलीचा जन्म १९३५ मध्ये पंढरपूर येथे झाला. लहानपणापासून त्या फडावर गात-नाचत होत्या. शाळेत त्यांचे मन रमले नाही. लावणी, गवळण, भेदिक हे सारे गाणे कानावर पडतच त्या मोठ्या झाल्या. पुढे फडाचा भार त्यांच्यावर आला आणि त्यांच्या नावावर तंबू भरू लागले. वगात त्या तडफदार भूमिका करत आणि लावणीत शब्दांचा अर्थ डोळ्यांतून, हातातून उलगडून दाखवत. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात त्यांनी सीमेवरच्या जवानांसाठीही खेळ केले. १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. माळावरच्या तंबूतून आलेल्या कलावतीचा हा सन्मान साऱ्या तमाशासृष्टीने आपला मानला.

विठाबाईंबद्दल सर्वाधिक सांगितला जाणारा प्रसंग दौऱ्यातलाच आहे. दिवस भरलेले असताना त्या खेळात उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या रंगमंचामागे गेल्या, तिथेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा रंगमंचावर जाण्याची तयारी केली. हे कळल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबवायला सांगितले. हा प्रसंग त्यांच्या जिद्दीचा दाखला म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेच. पण फडाच्या व्यवस्थेत स्त्रीला रजा कशी नव्हती, हेही त्यात दिसते. खेळ बुडाला तर साऱ्यांची चूल विझते, हे मालकीण असलेल्या बाईला सर्वांत जास्त ठाऊक होते. त्यांची अखेरची वर्षे पैशांच्या ओढाताणीत गेली. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. योगिराज बागूल यांनी 'तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा' या ग्रंथात त्यांचे चरित्र मांडले आहे. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतंत्र फड उभा करून तो नावाजला, आणि पुढची पिढीही याच कामात आहे.

दौऱ्याचा दुसरा भाग सुपारीचा. फड सर्वाधिक ज्यावर जगतो तो हाच. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत गादी, डायरी घेऊन बसलेला व्यवस्थापक. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर आणि त्याहून लांबच्या गावांचे पंच, यात्रा कमिटीची माणसे इथे येतात. एका राहुटीतून दुसरीत जातात, यंदा कोणाच्या फडात कोण नवे आहे याची चौकशी करतात, बोलणी फिसकटतात, चहा होतो, पुन्हा बोलणी लागतात. ठरले की विसार दिला जातो आणि कागद होतो: तिथी, वेळ, रक्कम, किती कलावंत येणार, दुसऱ्या दिवशी हजेरी आहे की नाही.

दराचे गणित पंचांगावर चालते. गावाची यात्रा तिथीने ठरते आणि एकेका तिथीवर कितीतरी गावांच्या यात्रा एकाच दिवशी येतात. चैत्र पौर्णिमा आणि त्यानंतरची कालाष्टमी या दोन तिथींना मागणी सर्वांत जास्त, म्हणून त्या रात्रींची सुपारी चढी. आगेमागच्या कोऱ्या तारखांना तोच फड पुष्कळ कमी पैशांत मिळतो. वर्षभराची उचल आणि व्याज फेडण्याची आशा मालक या मोजक्या रात्रींवर ठेवतो. या दिवसांपुरते उभे राहणारे हंगामी फडही असतात. ते थोडक्या माणसांनिशी यात्रेच्या दीड-दोन महिन्यांत खेळ करतात आणि पांगतात. ज्या गावाला मोठा फड परवडत नाही, त्याची यात्रा हे हंगामी फड साजरी करतात. त्यांची कला कमी लेखण्याचे कारण नाही. जुन्या बाजाच्या गण-गवळणी आणि झील कित्येकदा त्यांच्याकडेच ऐकायला मिळतात.

सुपारीचा खेळ गावासाठी फुकट असतो. खर्च लोकवर्गणीतून होतो. पालखी, छबिना झाला की रात्री तमाशा उभा राहतो. सकाळी उन्हे वर आल्यावर हजेरी होते. देवळासमोर किंवा पारावर कलावंत पुन्हा येतात, रात्रीचा भपका नसतो, ढोलकी-हलगी आणि गाणे एवढेच असते. जाणकार मंडळी हजेरीला मुद्दाम बसतात, कारण गळ्याची पारख तिथे होते. दुपारी कुस्त्यांचा आखाडा. जुन्नर-आंबेगावात बैलगाड्यांच्या शर्यतींचा घाट हा यात्रेचा आणखी एक मोठा भाग. शर्यतींवर काही वर्षे बंदी होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्यासंबंधीचा कायदा वैध ठरवला. घाट पुन्हा भरू लागले तशी यात्रांची गर्दीही वाढली.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर निर्बंध आणले होते. कलावंतांनी आणि तमाशाच्या चाहत्यांनी दाद मागितल्यावर ते सैल झाले, पण वगाची संहिता लिहून मंजूर करून घेण्याची पद्धत पडली. तोवर वग बराचसा तोंडी होता. सरदार कथा सांगे आणि नट आपापली वाक्ये उभ्या-उभ्या रचत. संहिता आल्यावर हजरजबाबीपणाला काहीशी मुरड पडली, आणि दुसऱ्या बाजूने लेखकांची गरज वाढली. शिरूर तालुक्यातील कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) यांनी अनेक फडांसाठी वग, गवळणी आणि लावण्या लिहिल्या. त्याच परिसरातले गंगाराम कवठेकर, आंबेगावातल्या अवसरीचे सोंगाडे वसंत अवसरीकर, दत्तोबा तांबे शिरोलीकर ही नावे नारायणगावच्या राहुट्यांभोवती एकेकाळी नेहमी घेतली जात. संगमनेरच्या कांताबाई सातारकर आणि त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर, दत्ता महाडिक पुणेकर, चंद्रकांत ढवळपुरीकर, मालती इनामदार यांच्या फडांनीही आपल्या दौऱ्यांत नारायणगावला मोठी जागा दिली.

गाण्यातला बदल ध्वनिक्षेपकाने सुरू केला. मायक्रोफोन आला तशी वरच्या पट्टीची निकड संपली आणि झीलकरी हळूहळू मागे सरला. पेटी आणि क्लॅरिनेट तमाशात आधीच आले होते. पुढे कॅसिओ, ऑक्टोपॅड, ड्रमसेट आले. रंगबाजीत हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा वेळ वाढत गेला आणि वग आखडत गेला. तरुण प्रेक्षक तेच मागतो, हे मालकांचे म्हणणे खोटे नाही. पण गण-गवळण उरकून टाकण्याची घाई झाली की नव्या मुलांना सामूहिक गाणे शिकायची जागाच राहत नाही, हे नुकसान मोठे आहे. ज्या फडांनी सलामी, गण आणि गवळण पूर्ण वेळ देऊन राखली, त्यांच्याकडेच आजही दमदार गळे तयार होताना दिसतात.

दौऱ्याला सर्वांत मोठा खंड करोनाकाळात पडला. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरातली टाळेबंदी त्याच दिवसापासून लागू झाली. नारायणगावात सुपाऱ्या ठरण्याच्या ऐन दिवसांत यात्रा रद्द झाल्या. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी राज्यात कडक निर्बंध लागले. सलग दोन वर्षे चैत्र कोरा गेला. उचल घेतलेली होती, फेडायला खेळ नव्हते. कलावंतांनी शेतमजुरी केली, भाजी विकली, कोणी वाद्ये विकली. काही फड कायमचे मोडले. राज्यातले निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, पाडव्याच्याच दिवशी उठले, आणि त्या हंगामात राहुट्या पुन्हा लागल्या.

राज्य शासनाने विठाबाईंच्या नावाने तमाशा क्षेत्रासाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला असून कांताबाई सातारकर, वसंत अवसरीकर, मंगला बनसोडे, गंगाराम कवठेकर, गुलाबबाई संगमनेरकर, बशीर मोमीन कवठेकर हे त्याच्या मानकऱ्यांपैकी आहेत. सांस्कृतिक कार्य संचालनालय ढोलकी-फड तमाशा महोत्सव भरवते, पूर्णवेळ आणि हंगामी फडांसाठी अनुदानाची योजना राबवते आणि तमाशाची प्रशिक्षण शिबिरे घेते. या शिबिरांत जुने कलावंत नव्या मुला-मुलींना गण, गवळण, लावणी, ढोलकी आणि वगातील अभिनय शिकवतात. फडाबाहेरच्या घरांतली मुलेही तिथे येतात. शिबिरातून निघालेल्यांपैकी ज्यांना फडावर जायचे असते ते पोळ्यानंतर तालमीला हजर होतात आणि दसऱ्याला इतरांबरोबर गाडीत बसतात.